विक्रेत्याचे मौन

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी सकाळी आमचा भाचा मांजरीस आमच्या घरी आला, तो हातातील फोन पुढे धरूनच आला. फोनच्या काचेवर तांबड्या रंगाची, दोन दारांची, दबा धरलेल्या चित्त्याप्रमाणे जमिनीला पोट टेकून बसलेली एक मोटार होती. वय नऊ वर्षे. किंमत नव्या गाडीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. विकणारा गृहस्थ नाशिककडचा. त्याचे नाव, फोनचा क्रमांक आणि मोटारीची बारा छायाचित्रे यांपलीकडे त्याच्याविषयी भाच्यास काडीइतकीही माहिती नव्हती. "मामा, आणखी तीन गिऱ्हाइके लागली आहेत म्हणतो. आज पंचवीस हजार टोकन पाठवले तर माझ्यासाठी गाडी थांबवतो. तुमचे काय मत?" असा त्याचा प्रश्न. महाविद्यालयात तर्कशास्त्र व नीतिशास्त्र शिकविण्यात आमची सत्तावीस वर्षे गेली आहेत. मत विचारावयास येणाऱ्या माणसाचे मत बहुधा आधीच ठरलेले असते, एवढे ज्ञान तरी त्या अध्यापनातून आम्हांस खात्रीने प्राप्त झाले आहे.

आम्ही प्रथम व्यवहाराची गोष्ट काढली. सोलापूर रस्त्यावरून हडपसर सोडून मांजरीकडे वळले म्हणजे जे गतिरोधक लागतात, ते काही कोणत्याही एका नियमाने घातलेले नाहीत. मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत सामील झाले, परंतु गतिरोधकांनी आपली स्वतंत्र वृत्ती सोडलेली नाही. जमिनीपासून चार बोटे उंच असलेली ही चित्तीण पहिल्याच उंचवट्यावर पोट खरवडून घेईल, असे आम्ही म्हणताच भाचा हसला आणि गाडी तिरकी चढवावी लागते एवढेच त्याने सांगितले. ज्या इच्छेला उंचवटे दिसतात पण अडत नाहीत, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

शिवाय वेगाची हौस या परिसराला नवी नाही. शेजारच्या हडपसरला पूनावाला घराण्याच्या शर्यतीच्या घोड्यांची पैदास पूर्वापार चालत आलेली आहे. आणि त्याच घराण्यातील सायरस पूनावाला यांनी ऐन तारुण्यात जग्वारच्या डी-टाइप गाडीच्या धर्तीवर स्पोर्ट्‌स कारचा एक नमुना तयार केला होता. अशा गाड्या काढावयास लागणारे भांडवल आपल्या आवाक्यातले नव्हे हे ध्यानात येताच त्यांनी तो नाद सोडला आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना केली. तीही घोड्यांच्याच मार्गाने. शर्यतीतून बाद झालेले त्यांच्याकडील घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, आणि त्यांच्या रक्तापासून लस व प्रतिविष यांसाठी लागणारा रक्तरस काढला जाई. शर्यतीच्या मैदानावर ज्याची किंमत शून्य, तोच घोडा दुसरीकडे अमूल्य. मात्र यासाठी कोणता घोडा कशातून बाद झाला आहे, हे देणाऱ्यास आणि घेणाऱ्यास दोघांसही ठाऊक असावे लागते. आमचा आजचा विषय तोच आहे.

प्रारंभीच एक वर्ग बाजूला काढून ठेवू. आपण सैन्यात आहोत, बदली झाली म्हणून गाडी घाईने विकावयाची आहे, असे सांगून, गणवेशातील छायाचित्र व ओळखपत्र दाखवून, वाहतुकीचा खर्च आगाऊ मागणारे आणि मग नाहीसे होणारे भामटे आता इतके सुपरिचित झाले आहेत, की त्यांची कथा प्रत्येक घरात कोणी ना कोणी सांगू शकेल. ते विकतात ती मोटार नसतेच. ते आपला गणवेशावरचा विश्वास आपल्यालाच विकतात. त्याहून गुंतागुंतीचीही उदाहरणे आहेत. देशी बनावटीची स्पोर्ट्‌स कार म्हणून जिचा २०१२ च्या दिल्लीच्या प्रदर्शनापासून गाजावाजा झाला, त्या डीसी अवंती गाडीच्या बाबतीत, एकाच गाडीची दोन राज्यांत नोंदणी आढळल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी डिसेंबर २०२० मध्ये केला. आरोपाचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम, आमचे नव्हे. पण सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक म्हणजे मोटारीची जन्मखूण. तिच्याही साक्षीविषयी संशय घेण्याची पाळी येऊ शकते, एवढे त्यावरून दिसते. असो. चोरी ती चोरीच. तिच्यात पोलिसांना काम आहे, नीतिशास्त्राला फारसे नाही. खरा प्रश्न उभा राहतो तो जो चोर नाही त्याच्याविषयी. गाडी त्याची आहे, कागद खरे आहेत, तो एकही खोटे वाक्य बोलत नाही. फक्त एक गोष्ट तो सांगत नाही.

आपल्या देशातील कराराचा कायदा १८७२ चा. त्याच्या सतराव्या कलमात कपट म्हणजे काय ते सांगितले आहे, आणि केवळ मौन म्हणजे कपट नव्हे असे स्पष्टीकरण देऊन खाली चार उदाहरणे दिली आहेत. त्यांतील पहिली तीन एका खोडी घोड्याची आहेत. पहिल्यात, एक मनुष्य आपला घोडा सदोष आहे हे जाणून तो लिलावात विकतो आणि काही बोलत नाही: हे कपट नव्हे. दुसऱ्यात, घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी आहे: येथे नात्यामुळेच सांगण्याचे कर्तव्य उत्पन्न होते. तिसऱ्यात, घेणारा म्हणतो, "तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन," आणि विकणारा गप्प राहतो: येथे त्याचे मौन हेच भाषण. चौथ्यात घोडा नाही. दोन व्यापारी आहेत, आणि भाव बदलणार असल्याची गुप्त बातमी एकाला आहे. ती दुसऱ्यास सांगण्यास तो बांधलेला नाही. पुढे १९३० साली मालविक्रीचा कायदा झाला, त्याच्या सोळाव्या कलमानेही काही अपवाद सोडले तर मालाच्या गुणाची हमी विक्रीत गृहीत धरलेली नाही. घेणाऱ्याने आपले डोळे आपण उघडे ठेवावे, हा इंग्रजी न्याय.

आमच्या स्मृतिकारांनी हाच प्रश्न निराळ्या बाजूने धरला होता. एका वस्तूत दुसरी मिसळून, निकृष्ट वस्तू चांगली म्हणून, अथवा झाकून ठेवलेली वस्तू विकू नये, असे मनूने सांगितले आहेच. परंतु विक्रेत्याच्या सचोटीवर सगळी भिस्त न ठेवता त्यांनी घेणाऱ्यास काळ दिला. याज्ञवल्क्याने परीक्षेसाठी निरनिराळ्या मुदती घातल्या आहेत: बीजास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नास सात. मोटार हे लोखंड म्हणावे तर एक दिवस मिळेल आणि वाहन म्हणावे तर पाच. पंडितांनी वाद करण्याजोगा हा मुद्दा आहे. आजच्या गिऱ्हाइकास मिळतात पंधरा मिनिटे, तीही मालक शेजारी बसून गाडीची स्तुती करीत असताना.

पाश्चात्त्यांत या प्रश्नाचा सर्वांत सुंदर ऊहापोह सिसेरोने केला आहे. ख्रिस्तपूर्व ४४ साली, अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी त्याने कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात तो दोन तत्त्वज्ञांना समोरासमोर आणतो. एक बॅबिलोनचा डायोजिनीस आणि दुसरा त्याचाच शिष्य अँटिपेटर. ऱ्होड्‌स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक सचोटीचा व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे गलबत घेऊन तेथे पोहोचतो. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, ऱ्होड्‌सच्या लोकांना नाही. त्याने सांगावे काय? त्यानंतर घराचे उदाहरण. घर रोगट आहे, लाकूड कुजके आहे, खोल्यांतून साप निघतात. हे मालकावाचून कोणास ठाऊक नाही. अँटिपेटर म्हणतो, सांगावे. डायोजिनीस म्हणतो, लपविणे वेगळे आणि न सांगणे वेगळे. मी तुला विकत घ्यावयास भाग पाडलेले नाही. सिसेरोचा स्वतःचा कौल दोन्ही ठिकाणी सांगण्याच्या बाजूने पडतो.

परंतु आम्हांस खरी मौज वाटते ती पुढे आलेल्या कॅनिअसच्या गोष्टीची. हा रोमन गृहस्थ सिराक्यूजला विश्रांतीसाठी गेला आणि तेथे एखादी बाग विकत घ्यावी असे बोलू लागला. पायथियस नावाच्या सावकाराने त्याला आपल्या बागेत जेवावयास बोलाविले आणि आदल्या दिवशी कोळ्यांना बोलावून, उद्या माझ्या बागेसमोरच मासे धरा, अशी ताकीद दिली. पाहुणा येतो तो समोर होड्यांची दाटी. जो तो कोळी आपली मासळी आणून सावकाराच्या पायाशी टाकतो आहे. "हे काय?" "नवल कसले? या शहरातली सगळी मासळी येथेच." कॅनिअस पेटला आणि मागेल त्या किमतीला बाग घेऊन मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी मित्रांना जमवून पाहतो तो एक वल्हेसुद्धा दिसेना. आज कोळ्यांचा काही सण आहे काय, असे त्याने शेजाऱ्यास विचारले. शेजारी म्हणाला, "सण कसला? येथे कोणी कधी मासे धरीत नाही. काल काय चालले आहे हेच मला कळेना." भाच्याच्या फोनवरील ती बारा छायाचित्रे आम्ही पुन्हा पाहिली. मोटार धुतलेली, चाकांना तकाकी आणलेली, मागे सायंकाळचा सूर्य. प्रत्येकात होड्या होत्या.

१९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. तीन नियतकालिकांनी तो आधी साभार परत केला होता. पुढे २००१ साली त्यालाच नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. चांगली गाडी तीन लाखांची आणि वाईट एक लाखाची असेल, व बाहेरून दोन्ही सारख्याच दिसत असतील, तर घेणारा सरासरीने दोन लाख देऊ करील. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणेल, या भावात मी विकत नाही. तो बाजारातून उठेल. राहिलेल्यांत वाईटांचे प्रमाण वाढेल, भाव आणखी उतरेल, आणि उरल्यासुरल्यांतले चांगले तेही उठतील. अप्रामाणिकपणाची खरी किंमत फसलेला एकटा मोजीत नाही; जी देवघेव झालीच नाही, जी चांगली गाडी घरीच गंजत राहिली, तीही त्या किमतीत धरावी लागते. या निबंधात हिंदुस्थानातील एक दाखला आहे: बाजारातून आणलेल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळासारखेच दिसणारे खडे निवडीत बसणारी गृहिणी. आमच्या आईचे सूप आणि तिची संध्याकाळची वेळ आम्हांस ते वाचताना आठवली. ते निवडणे म्हणजे एका अनोळखी माणसाच्या अप्रामाणिकपणाचा तिने रोज भरलेला कर होता, हे मात्र आम्हांस तोपर्यंत कधी सुचले नव्हते.

आता आमचे मत. कायद्याने घोडा आणि भावाची बातमी ही दोन्ही एकाच कलमाखाली बसविली, ही आमच्या मते विचाराची गल्लत आहे. बाजारभाव हा उघड्या जगातला असतो. ऱ्होड्‌सच्या माणसाने टेकडीवर चढून पाहिले असते तर त्यालाही शिडे दिसली असती. मार्केट यार्डातील कांद्याच्या व्यापाऱ्याने उद्याचा भाव ताडला तर तो त्याच्या उद्योगाचा मोबदला होय. परंतु घोड्याची खोड तबेल्याच्या आत आहे. वस्तूचा पूर्वेतिहास ही एकाच माणसाच्या मालकीची गोष्ट असते, आणि वस्तू हातावेगळी करताना तो इतिहास मात्र मागे ठेवून घेणे म्हणजे अर्धीच वस्तू देऊन पूर्ण किंमत घेणे होय. कायद्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे: त्याने उदाहरण लिलावाचे घेतले आहे, आणि लिलावात विकणारा हमी देत नाही हे सर्वच जाणतात. घरच्या दिवाणखान्यात चहाचा पेला हातात देऊन केलेली विक्री म्हणजे लिलाव नव्हे. आणि घेणारा? तोही पुष्कळदा आपण होऊन आंधळा होतो. भाच्याला रंग दिसला. टायरांची झीज आम्ही दाखविली तेव्हा दिसली. गरजेची वस्तू घेताना मनुष्य संशयी असतो, हौसेची घेताना आपणच आपला पायथियस होतो.

येथपर्यंत लिहिले ते वर्गात शिकविता येण्याजोगे आहे, व आम्ही ते शिकविलेही आहे. पुढचे शिकविलेले नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला जो पूर आला, त्या वेळी आम्ही सहकारनगर भागात राहत होतो. आमची साधी, चार दारांची मोटार वाहनतळात होती. पाणी आसनांच्या वर चढले. त्या रात्री लोकांची माणसे गेली, तेव्हा मोटारीचे दुःख करण्याची लाज वाटावी अशीच ती वेळ होती. मिस्त्रीने गाडी उघडली, वाळविली, काही तारा बदलल्या, आणि ती पुन्हा सुरळीत चालू लागली. जाता जाता एवढे म्हणाला, "पाण्याचं काही सांगता येत नाही, सर. दोन वर्षांनीसुद्धा वर येतं." दोन वर्षे पुरी होण्याच्या आत, मांजरीस बिऱ्हाड हलविल्यावर, आम्ही ती फोनवर जाहिरात देऊन विकली. घ्यावयास दौंडकडील एक तरुण आला. बरोबर पत्नी आणि चारेक वर्षांची मुलगी. त्याने बॉनेट उघडून पाहिले, पण त्याला त्यातले कळत नव्हते हे आमच्या लक्षात आले. मग त्याने दारावरची आमची पाटी वाचली, भिंतीची पुस्तके पाहिली आणि म्हणाला, "गाडीत तसं काही नाही ना, सर? तुमच्यासारख्यांची गाडी म्हणजे आम्ही काय बघायचं!"

आम्ही म्हणालो, "चालवून पाहा. हवे तर मिस्त्रीला दाखवा."

हे वाक्य अक्षरशः खरे होते. कायद्याचे तिसरे उदाहरण आम्हांस तेव्हाही पाठ होते. डायोजिनीसही पाठ होता. त्याने मिस्त्रीस दाखविले नाही. आम्ही मागितलेली किंमत त्याने घासाघीस न करता दिली, आणि मुलीने मागच्या आसनावर चढून काचेतून हात हलविला.

या कथेचा उत्तरार्ध जरा हास्यास्पद आहे. विक्रीची वर्दी विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत द्यावयाची आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलून घ्यावयाचे, असे मोटार वाहन कायदा सांगतो. आम्ही सह्या केलेले नमुने त्याच्या हवाली केले आणि विसरलो. त्याने ते नेले आणि तोही विसरला. नोंदणीपुस्तकात नाव आहे तोवर मालक तोच, मग गाडी कोणाच्याही हाती असो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला आहे. म्हणजे गाडी त्याची आणि जबाबदारी आमची. यवतजवळ वेगमर्यादा ओलांडली, हडपसरला सिग्नल तोडला, की दंडाची नोटीस आमच्या फोनवर येई. पहिल्या दोन वेळा आम्ही त्याला मनातल्या मनात अप्रामाणिक म्हटले. अनोळखी विक्रेत्यावर घेणारा विश्वास टाकतो हे सगळेच सांगतात. विकणाराही एका अनोळखी माणसाच्या हाती आपले नाव देऊन मोकळा होतो, हे आम्हांस तेव्हा कळले. त्याचा फोन लागेना. तथापि नोटिशीबरोबर गाडीचे छायाचित्र येते. पुढे पुढे आम्ही दंड भरण्याआधी ते छायाचित्र उघडून पाहू लागलो. गाडी चालते आहे, दिवे लागले आहेत, असे दिसले म्हणजे बरे वाटे. दंडाने बरे वाटणारा मनुष्य पुण्यात दुसरा नसावा.

गेल्या फेब्रुवारीपासून एकही नोटीस आलेली नाही.

हे सर्व आम्ही भाच्यास सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मामा, तुम्ही पाण्याचे सांगितले असते तर त्याने गाडी घेतली असती का?" आम्ही म्हणालो, चाळीसएक हजार कमी देऊन बहुधा घेतली असती. त्यावर त्याने आमच्यासमोरच नाशिकला फोन लावला आणि घोड्याच्या गिऱ्हाइकाचा प्रश्न जसाच्या तसा विचारला: तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर गाडीत दोष नाही असे मी धरून चालेन. पलीकडे क्षणभर शांतता. मग तो गृहस्थ म्हणाला की तसे धरू नका. गाडी एकदा पुढून ठोकली गेली होती, इंजिनही एकदा उघडले आहे, कामाची बिले आहेत, ती पाठवितो. आणि टोकनची घाई नाही, आधी येऊन पाहा.

आम्हांस वाटले, भाचा आनंदित होईल. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे गाडी खराबच निघाली," असे म्हणून तो दुसऱ्या जाहिराती चाळू लागला. त्यांतल्या कोणीच काही सांगितलेले नव्हते, म्हणून त्या त्याला बऱ्या वाटत होत्या. अ‍ॅकरलॉफने तीन पत्रिकांना जे पटवून देताना कष्ट घेतले, ते आमच्या ओसरीवर दहा मिनिटांत सिद्ध झाले. दुपारच्या जेवणापर्यंत आम्ही त्याच्याशी भांडलो. अखेर बिले आली. त्यांतील तारखा व क्रमांक जुळले. आणि येत्या शनिवारी एक जाणता मिस्त्री बरोबर घेऊन नाशिकला जाण्याचे त्याने कबूल केले. जाताना दारात तो म्हणाला, "आणि तुमचा दौंडचा माणूस?"

विक्रीच्या कागदावर त्याचा पत्ता आहे. त्याच रात्री आम्ही पत्र लिहावयास बसलो. पुराची तारीख, पाणी कोठपर्यंत चढले होते, मिस्त्री काय म्हणाला होता, कोणत्या तारा बदलल्या, हे सर्व एका बैठकीत लिहून झाले. त्यानंतर, आपणांस जी किंमत अधिक पडली ती म्हणून सोबत रुपये, असे एक वाक्य आहे. तेथील आकडा आम्ही दोनदा लिहून खोडला आहे. पत्र टेबलावर, पेपरवेटखाली आहे.